वही जुळली, माल कुठं आहे?

गेल्या जुलैमधली एक संध्याकाळ. बाहेर पाऊस, गल्लीत कृष्णेचं पाणी किती फुटांवर गेलं याची चर्चा, आणि मी घरात बसून अब्बांचा आवाज ऐकत होतो. अब्बांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. त्यांच्या शेवटच्या दीड वर्षात मी एका लहानशा व्हॉइस रेकॉर्डरवर त्यांचं बोलणं साठवून ठेवलं होतं. ४६ फाइली, साधारण १९ तासांचं बोलणं. त्या सगळ्या एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर होत्या, आणि फक्त त्याच डिस्कवर. दुसरी कॉपी काढू, उद्या काढू, सुट्टीत काढू, असं म्हणता म्हणता तीन वर्षं गेली. मधल्या काळात तो रेकॉर्डरही भाच्याला शाळेच्या प्रोजेक्टसाठी देऊन टाकला होता, आतलं सगळं पुसून.

अब्बा बोलत होते आणि वीज गेली. यूपीएसची बॅटरी कधीच मेली होती, बदलायची राहिली होती. तासाभरानं वीज आली. कॉम्प्युटर सुरू केला तर तो अर्ध्यावरच थांबला. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक वाक्य होतं, त्याचा मतलब असा: अनपेक्षित विसंगती आढळली आहे, एफएस-चेक स्वतः हातानं चालवा.

माझ्या कॉम्प्युटरवर लिनक्स आहे. शाळेच्या लॅबमध्ये लिनक्स आलं तेव्हा मुलांना शिकवायला म्हणून मी शिकलो आणि मग घरीही तेच वापरू लागलो. पण ते मास्तरकीपुरतं. त्यामुळे या वाक्याची मला भीती वाटली नाही. वीज गेल्यावर असं होतं हे मला ठाऊक होतं. लॅबमध्ये दहा-वीस वेळा झालंही होतं. एफएस-चेक चालवायचं, ते विचारेल त्याला 'वाय', म्हणजे 'हो' म्हणायचं, दोन मिनिटांत काम होतं. प्रत्येक प्रश्नाला 'हो' म्हणायचाही कंटाळा येतो म्हणून त्यात एक सोय आहे. आदेशातच 'वाय' लिहून टाकलं की सगळ्या प्रश्नांना आपल्या वतीनं तोच 'हो' म्हणतो. मी तेच केलं.

पडद्यावरून ओळींमागून ओळी गेल्या. शेवटी त्यानं सांगितलं की बदल केले आहेत. आणि त्याच्याखाली, दोन्ही बाजूंना चांदण्या मारून, अजून एक ओळ: फाइलसिस्टिममध्ये अजूनही चुका आहेत.

मी पुन्हा चालवलं. पुन्हा ओळी, पुन्हा दुरुस्त्या, पुन्हा तीच शेवटची ओळ. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. चौथ्यांदा तर चुका कमी व्हायच्या ऐवजी वाढल्या होत्या. दुरुस्त करणारं साधन प्रत्येक वेळी 'दुरुस्त केलं' म्हणतंय आणि प्रत्येक वेळी मोडलेलं जास्त सापडतंय. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. माझे हात गार पडले होते.

हा एफएस-चेक नावाचा प्रोग्रॅम नेमकं काय करतो, हे मला त्या रात्री नीट माहीत नव्हतं. नंतर कळलं, आणि कळलं तेव्हा लक्षात आलं की हे तर अब्बांचंच काम.

अब्बा सांगलीच्या हळदीच्या पेठेत एका अडत दुकानात दिवाणजी होते. छत्तीस वर्षं. घरात ते दखनी बोलायचे, पण हिशेबाची गोष्ट निघाली की आपोआप मराठीवर यायचे. किर्द, खतावणी, आवक, जावक, बाकी हे शब्द त्यांच्या तोंडी मराठीतच होते. दिवसभराचा व्यवहार जसा घडेल तसा आधी किर्दीत लिहायचा. मग संध्याकाळी किर्दीवरून खतावणीत, ज्याच्या त्याच्या खात्यावर उतरवायचा. मध्येच काही अडलं, दुकान अचानक बंद करावं लागलं, तर दुसऱ्या दिवशी किर्द उघडायची, जे उतरवायचं राहिलं ते उतरवायचं, की वही जुळली.

डिस्कवरही अशीच वही असते. माझ्या डिस्कवर इएक्सटी-फोर नावाची पद्धत होती, लिनक्समध्ये ती सगळ्यात जास्त चालते. तिच्यात वहीचं एक पहिलं पान असतं, त्यात एकूण जागा किती, कशी वाटली हे लिहिलेलं असतं. हे पान इतकं महत्त्वाचं की त्याच्या नकला डिस्कवर ठरावीक ठिकाणी ठेवलेल्या असतात. पहिली नकल साधारणपणे ३२७६८ क्रमांकाच्या ब्लॉकवर सापडते, पहिलं पान फाटलं तर तिच्यावरून काम चालवता येतं. मग प्रत्येक फाइलीचं एक खातं असतं, त्याला आयनोड म्हणतात. फाइल केवढी आहे आणि तिचा माल कुठल्या कुठल्या ब्लॉकमध्ये ठेवला आहे ते त्या खात्यात असतं. गंमत म्हणजे फाइलीचं नाव त्यात नसतं. नावं वेगळ्या अनुक्रमणिकेत असतात, ज्याला आपण फोल्डर म्हणतो. आणि कुठला ब्लॉक भरलेला, कुठला रिकामा, याची आणखी एक यादी. शिवाय किर्दही असते. तिचं नावच जर्नल. वीज गेल्यावर कॉम्प्युटर जर्नल उघडतो, अर्धवट राहिलेलं उतरवतो आणि पुढं जातो. बहुतेक वेळा एवढ्यावरच भागतं.

भागलं नाही तर एफएस-चेक. हा प्रोग्रॅम जुना आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस युनिक्ससाठी टी. जे. कोवाल्स्की यांनी तो लिहिला. त्याआधी आयचेक, डीचेक असे निरनिराळे प्रोग्रॅम वेगवेगळ्या वह्या तपासायचे. इएक्सटी-फोरसाठी आज जो चालतो तो थिओडोर त्सो यांच्या हातचा. तो पाच फेऱ्यांत काम करतो. पहिल्या फेरीत प्रत्येक खातं उघडून पाहतो, एकच ब्लॉक दोन खात्यांनी आपला म्हणून सांगितलाय का ते बघतो. दुसऱ्या फेरीत अनुक्रमणिका, तिसरीत त्या एकमेकींना नीट जोडल्या आहेत का. चौथ्या फेरीत एका खात्याकडे किती नावं बोट दाखवतात हे मोजतो, आणि ज्या खात्याकडे एकही नाव बोट दाखवत नाही त्याला 'लॉस्ट-फाउंड' नावाच्या फोल्डरात आणून ठेवतो. पाचव्या फेरीत भरलेल्या-रिकाम्याची यादी पक्की करतो.

म्हणजे काय, तर वही वहीशी जुळवतो. गोदामात जाऊन पोती मोजत नाही.

अब्बांच्या धंद्यात गोदाम म्हणजे नुसतं गोदाम नव्हतं, पेव होतं. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावर हरिपूर आहे, तिथं हळद साठवायला जमिनीत पेवं खणलेली असत. तोंड अरुंद, पोट मोठं. आत हळद भरायची आणि तोंड मातीनं बंद करायचं. हवा लागत नाही, कीड लागत नाही, वर्षानुवर्षं हळद टिकते. दुकानात फक्त वही. वहीत लिहिलेलं की अमुक पेवात इतकी पोती. पेव रोज कोण उघडून बघतो? वहीवर विश्वास.

२००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं. त्यानंतर बरीच पेवं कायमचीच निकामी झाली. मला तेव्हाचे अब्बा आठवतात. पूर ओसरल्यावर ते आठवडाभर वह्या घेऊन बसले होते. वहीत पोत्यांचे आकडे अगदी जुळत होते, एका पोत्याचा फरक नव्हता. मी म्हणालो, "अब्बा, तुमची वही तर बरोबर आहे." ते म्हणाले, "वही बरोबर आहे रे. हळद कुठं आहे?"

हे वाक्य त्या रात्री मला आठवायला हवं होतं. आठवलं नाही. मी पाचव्यांदा चालवणार होतो, तेवढ्यात एका जुन्या विद्यार्थ्याची आठवण झाली. तो पुण्यात सर्व्हर सांभाळायचं काम करतो. रात्री बारा वाजता मास्तरांचा फोन आला म्हणजे काहीतरी वाईटच असणार, असं समजून त्यानं पहिल्या रिंगला उचलला.

मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "सर, आधी कीबोर्डवरून हात काढा. किती वेळा चालवलंत?"

"चार वेळा."

"वाय लावून?"

"हो."

तो क्षणभर गप्प बसला. मी वर्गात एखाद्या मुलाची चूक सापडल्यावर असाच गप्प बसायचो. मग म्हणाला, "ठीक आहे सर. आता काहीही लिहायचं नाही त्या डिस्कवर. फक्त बघायचं."

त्यानं मला एकेक गोष्ट तपासायला लावली. हा क्रम मी इथं मुद्दाम लिहितो, कारण असा प्रसंग कुणावरही येऊ शकतो.

पहिलं, डिस्क त्या वेळी चालू वापरात, म्हणजे 'माउंट' केलेली आहे का. एकीकडे दुकान चालू असताना दुसरीकडे वही दुरुस्त करायला बसलं तर दोघांचे हात एकाच पानावर पडतात आणि चांगली वही बिघडते. हल्लीचा एफएस-चेक अशा वेळी काम करायला नकारच देतो, पण जबरदस्ती करणारे असतात. माझी डिस्क माउंट नव्हती. एवढं तरी बरं.

दुसरं, कॉम्प्युटरची स्वतःची रोजनिशी. डी-मेसेज असा आदेश दिला की ती दिसते. तिच्यात ओळीच्या ओळी भरल्या होत्या: अमुक सेक्टर वाचता आला नाही, तमुक सेक्टर वाचता आला नाही. या चुका एफएस-चेकच्या नव्हत्या, वहीच्या नव्हत्या, वीज जाण्याच्याही नव्हत्या. खाली डिस्कच वाचता येत नव्हती.

तिसरं, केबल. त्यानं केबल बदलायला सांगितली, यूएसबीचं दुसरं भोक वापरायला सांगितलं. कधी कधी केबल सैल असते किंवा डिस्कला वीज पुरेशी मिळत नाही, आणि आपण मात्र डिस्कला दोष देतो. कॉम्प्युटरची मेमरी बिघडली असेल तरी असंच होतं. चांगलं वाचलेलं डोक्यात चुकीचं उतरतं आणि एफएस-चेक चांगल्या पानावर चुकीची दुरुस्ती करतो. जुन्या मेमरी कार्डांची आणखी एक खोड असते. 'लिहिलं' म्हणतात आणि लिहीत नाहीत. मग प्रत्येक वेळी त्याच चुका, प्रत्येक वेळी त्याच दुरुस्त्या. केबल बदलून माझ्याकडे फरक पडला नाही.

चौथं, डिस्कलाच विचारायचं की तुझी तब्येत कशी आहे. प्रत्येक हार्ड डिस्क स्वतःच्या आजारपणाची नोंद ठेवते, तिला 'स्मार्ट' म्हणतात, आणि स्मार्ट-सीटीएल या प्रोग्रॅमनं ती वाचता येते. तिच्यात दोन आकडे बघायचे. किती सेक्टर निकामी होऊन बदलले गेले, आणि किती सेक्टर वाचता न येता ताटकळत पडले आहेत. निरोगी डिस्कवर हे दोन्ही आकडे सहसा शून्य असतात. माझे होते ८८ आणि ३१२. केबलच्या चुकांचा आकडा मात्र शून्य होता.

"सर," तो म्हणाला, "वीज जाणं हे निमित्त. डिस्क आधीपासूनच जात होती."

मग मी विचारू नये ते विचारलं. "मी चार वेळा चालवलं, त्यानं काही बिघडलं का?"

त्यानं खोटं सांगितलं नाही, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. त्यानं समजावलं ते असं. एखादा ब्लॉक वाचता येत नाही असं दिसलं की एफएस-चेक दोन प्रश्न विचारतो. ही चूक सोडून देऊ का? आणि या ब्लॉकवर जबरदस्तीनं पुन्हा लिहू का? दुसऱ्या प्रश्नाला 'हो' म्हटलं की वाचता न आलेल्या पानाच्या जागी जे हाती असेल ते, बहुतेक वेळा कोरंच पान, लिहिलं जातं. त्यानंतर ते पान वाचता येतं, पण आता ते कोरं असतं. माझ्या डिस्कवर एक ब्लॉक ४०९६ बाइटचा आणि एक खातं २५६ बाइटचं. म्हणजे खात्यांच्या वहीतलं एक पान कोरं झालं की एकदम १६ फाइलींची खाती गेली. आणि मी तर आधीच सगळ्या प्रश्नांना 'हो' म्हणून बसलो होतो.

काळ्या पडद्यावरचं ते पहिलं वाक्य मला तेव्हा समजलं. 'स्वतः हातानं चालवा'. कॉम्प्युटर सुरू होताना एफएस-चेक आपोआप चालतोच, पण तेव्हा तो फक्त बिनधोक दुरुस्त्या करतो. जिथं काही गमावलं जाण्याची शक्यता आहे तिथं तो थांबतो आणि माणसाला बोलावतो. मला बोलावलं होतं ते निर्णय घ्यायला. मी जाऊन कोऱ्या कागदावर सही करून दिली होती. अब्बांनी आयुष्यात कधी कोऱ्या कागदावर सही केली नाही. शेठजींसाठीसुद्धा नाही.

त्या रात्री डिस्क काढून ठेवली. झोप आली नाही. सकाळी आपाला पुण्याला फोन करायचा विचार केला, पण काय सांगणार? तिच्या लेकीनं नानांचा आवाज नीट ऐकलाही नव्हता. तिला देऊ म्हणून दोनदा म्हटलं होतं मी.

अम्मीला मात्र सांगावं लागलं. ती काहीच बोलली नाही. थोड्या वेळानं एवढंच म्हणाली, "पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नसतं, असं ते म्हणायचे."

पेवात हवा नसते. तोंड उघडून काही तास थांबायचं, मग आत कंदील सोडून बघायचा. कंदील विझला तर माणसानं उतरायचं नाही. घाईनं उतरलेली माणसं आतच राहिल्याच्या गोष्टी अब्बा सांगायचे. तेही त्या रेकॉर्डिंगमध्ये होतं.

दुसऱ्या दिवशी मी दुप्पट मोठी नवी डिस्क आणली आणि विद्यार्थ्यानं सांगितलं तसं केलं. आजारी डिस्कवर काहीही दुरुस्त करायचं नाही. आधी तिच्यावरचं सगळं, जसंच्या तसं, चांगलं-वाईट दोन्ही, नव्या डिस्कवर उतरवून घ्यायचं. वही फाटत असेल तर आधी तिचा फोटो काढायचा, मग बसून वाचायचं. या कामाला डीडी-रेस्क्यू नावाचा प्रोग्रॅम आहे, आंतोनियो दियास दियास यांनी लिहिलेला आणि सगळ्यांना मोफत. साधी कॉपी पहिल्या खराब जागी अडकून बसते. हा तसं करत नाही. आधी जे सहज वाचता येतं ते घेतो, अडलेली जागा तात्पुरती सोडून पुढं जातो आणि काय घेतलं, काय राहिलं याचा नकाशा एका फाइलीत लिहून ठेवतो. मग राहिलेल्या जागांकडं परत वळतो. मध्येच वीज गेली तरी नकाशावरून पुढं सुरू करता येतं. सांगलीच्या पावसाळ्यात हे फार मोठं काम.

दोन रात्री आणि एक दिवस ते चाललं. डिस्क मधूनच टक-टक आवाज करायची, तेव्हा मी उठून उभा राहायचो, जसं काही उभं राहून उपयोग होता. शेवटी पाचशे जीबीपैकी काही एमबी सोडून सगळं आलं. काही एमबी ऐकायला थोडं वाटतं. पण ते नेमकं कुठलं, यावर सगळं असतं. रिकाम्या जागेतलं असेल तर काहीच गेलं नाही. खात्यांच्या वहीतलं असेल तर वेगळं.

मग त्या नकलेची आणखी एक नकल काढली, आणि त्या दुसऱ्या नकलेवर एफएस-चेक चालवलं. आधी 'एन' लावून. 'एन' म्हणजे सगळ्याला 'नाही'. काहीही न लिहिता फक्त काय काय चुका दिसतात ते सांग. कंदील आत सोडण्यासारखं. ती यादी विद्यार्थ्याला पाठवली, त्यानं ती वाचली, आणि मग खरी दुरुस्ती केली. त्यातही प्रत्येक बदलाआधीची जुनी पानं एका वेगळ्या फाइलीत जपून ठेवायची सोय आहे, म्हणजे चुकलं तर मागं येता येतं. ही सोय मला आधी माहीत नव्हती. या वेळी एकदाच चालवलं. तो संपला की एक आकडा परत देतो: ० म्हणजे चूक नव्हती, १ म्हणजे चुका होत्या त्या दुरुस्त केल्या, ४ म्हणजे चुका तशाच राहिल्या, ८ म्हणजे कामातच अडथळा आला. त्या पहिल्या रात्री मी हा आकडा बघितलाच नव्हता. या वेळी आला १. दुसऱ्यांदा तपासलं तर ०.

ज्या साधनानं चार वेळा हात टेकले, त्यानंच आता एका फेरीत काम केलं. बिघाड त्याच्यात कधी नव्हताच. खाली जमीन घट्ट असेल तरच त्याची दुरुस्ती टिकते, एवढंच.

४६ फाइलींपैकी २९ आपल्या जागी, आपल्या नावानं सापडल्या. ११ लॉस्ट-फाउंडमध्ये होत्या. त्यांची अनुक्रमणिका गेली होती, खाती शाबूत होती. म्हणून नावं नव्हती, फक्त आकडे. आणखी चार फोटोरेक नावाच्या प्रोग्रॅमनं काढल्या. तो वही बघतच नाही, सरळ मालाकडं जातो आणि 'हे एमपीथ्रीसारखं दिसतंय' असं ओळखून उचलतो. राहिल्या दोन. त्या आल्या नाहीत. ज्या सहा फाइलींची खातीच गेली होती, त्या माझ्या 'वाय'नं कोऱ्या झालेल्या पानांवरच्या होत्या. डीडी-रेस्क्यूनं तीच पानं दहाव्या प्रयत्नात वाचलीही असती कदाचित. हा हिशेब मी मांडून ठेवला आहे, तो मिटवत नाही.

नावं गेलेल्या पंधरा फाइली ओळखायला मी आणि अम्मी बसलो. मी प्रत्येक रेकॉर्डिंगला तारीख आणि विषय लिहून ठेवला होता, ते सगळं आता ऐकूनच शोधायचं होतं. रोज संध्याकाळी एक. अब्बा सुरू व्हायचे आणि अम्मी मागचे आवाज ऐकायची. "हे एप्रिलमधलं, कूलर चालू आहे." "हे आपा आली होती तेव्हाचं, पोरीचा आवाज बघ." एका रेकॉर्डिंगमध्ये शिट्टी झाली तर म्हणाली, "हा जुना कुकर." मी अब्बांचं बोलणं साठवत होतो, अम्मीनं त्यात अख्खं घर ऐकलं. तीन फाइलींमध्ये मध्येच काही सेकंद गायब आहेत. अब्बा पेवाच्या तोंडाशी उभे असतात आणि एकदम दुसऱ्याच वाक्यात असतात. एमपीथ्री तुकड्या-तुकड्यांची असते, एखादा तुकडा गेला तरी पुढचं वाजतं.

दोन गेलेल्या फाइलींपैकी एकीत काय होतं ते मला पक्कं आठवतं. अब्बांनी पहिल्या पगारात काय आणलं त्याची गोष्ट. मी ती कशीबशी अम्मीला सांगितली, माफी मागितल्यासारखी. ती हसली. म्हणाली, "त्यांनी तुला काय सांगितलं असेल ते मला माहीत आहे. खरं काय झालं ते मी सांगते."

मी मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू केलं. अम्मीच्या गोष्टीत अब्बा जरा वेगळे आहेत. पगारातले पैसे मोजताना चुकतात, दोनदा मोजतात.

त्याच रात्री त्या फाइलीच्या तीन कॉप्या केल्या. एक घरी, एक आपाकडे पुण्याला, एक शाळेच्या कपाटात. इएक्सटी-फोर आपल्या वहीची शहानिशा करते, मालाची करत नाही. म्हणून प्रत्येक फाइलीचा एक ठसा, ज्याला चेकसम म्हणतात, तो काढून ठेवला आहे. फाइलीतला एक अंश जरी बदलला तरी ठसा जुळत नाही. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिन्ही ठिकाणचे ठसे ताडून बघतो. अर्धा तास लागतो. यूपीएसची बॅटरीही बदलली.

जुनी डिस्क टाकली नाही. अब्बांच्या वह्यांच्या ट्रंकेत ठेवली आहे, वरती चिठ्ठी लावून: 'हिच्यावर काही लिहू नये.'